वाचून दाखवलेला कागद

आमच्या ताईइतकं चोख टायपिंग करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. बहीण म्हणून कौतुक करत नाहीये. बहीण म्हणून बोलायला बसले तर निम्म्या तक्रारीच निघतील. पण टायपिंग म्हणाल तर तिचा हात धरणारा कोणी नाही. सतराव्या वर्षी टाइपरायटरवर बसली आणि आज साठीला टेकली तरी उठलेली नाही. वडील अचानक गेले तेव्हा आमचं घर तिच्या दहा बोटांवर चाललं. माझी शाळा, माझं कॉलेज, माझं लग्न, सगळं त्या बोटांतून आलं. तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. विचारलं तर म्हणायची, "वेळच झाला नाही गं." जणू इस्त्रीचे कपडे आणायचे राहिले असावेत, अशा सुरात.

जिन्याखालच्या खोलीत आमचं दुकान आहे. दाराशी माझं झेरॉक्सचं मशीन आणि बाइंडिंगचं टेबल, आत खिडकीपाशी ताईचा कॉम्प्युटर. खिडकी उघडली की समोर भिंत, त्यामुळे लक्ष जायला जागाच नाही. ताईच्या कीबोर्डवरची अक्षरं कधीच पुसली गेली आहेत. नवीन माणूस बघून दचकतो. तिला गरज नाही. ती खाली बघतच नाही.

गडबड झाली ती मानेची. कागद बघायचा, पडदा बघायचा, पुन्हा कागद, असं दिवसभर करून तिची मान कामातून गेली. खांद्यापर्यंत मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरने सांगितलं, मान हलवायची नाही. टायपिंग करणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे काम बंद करा असंच सांगणं. तेव्हा मास्तर आले. या गोष्टीला सोळा वर्षं झाली.

मास्तर कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात होते, ते दुकान बंद पडलं. पण आवाज असा, की पेन्सिलची किंमत सांगितली तरी ऐकत राहावं. मीच त्यांना मास्तर म्हणायला लागले आणि मग सगळेच म्हणायला लागले. मीच त्यांना आणलं हेही सांगून टाकते, कारण पुढे मला शिव्या घालताना ते उपयोगी पडेल. मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही वाचा, ताई टाइप करेल. मिळेल त्यातला तिसरा हिस्सा तुमचा." त्यांनी लगेच होकार दिला.

दुसऱ्या दिवसापासून ते ताईच्या उजव्या बाजूला स्टुलावर बसले ते बसलेच. सकाळी साडेनऊला यायचे, चष्मा पुसायचे, घसा साफ करायचे आणि सुरू व्हायचे. "प्रस्तुत प्रकरणी स्वल्प, वादीने सादर केलेला पुरावा स्वल्प, कंस सुरू, निशाणी सात, कंस बंद, ग्राह्य धरता येत नाही पूर्ण. परिच्छेद." ताईची बोटं त्यांच्या आवाजाच्या एक शब्द मागे. ती पडद्याकडे बघायची, मान ताठ. मान बरी झाली. काम दुप्पट झालं. प्रकाशक आले, वकील आले, प्रबंधवाले आले.

आता यात एक गंमत होती, ती नीट समजून घ्या. ताई ऐकायची, पण तिला काही ऐकू यायचं नाही. म्हणजे शब्द कानातून सरळ बोटांत. मधे डोक्यात थांबाच नाही. दिवसभर खुनाचा खटला टाइप केला आणि संध्याकाळी मी विचारलं, "काय गं, सुटला का तो?" तर म्हणायची, "कोण?" पण शुद्धलेखन चुकायचं नाही. वाक्य अडखळलं तर ती आपोआप सरळ करायची, तेही बोटांनीच. एकदा मास्तरांनी मस्करी केली. निकालपत्राच्या मधोमध त्याच आवाजात म्हणाले, "तसेच बाईंनी आज सकाळपासून चहा दिलेला नाही पूर्ण." ताईने टाइप केलं. पूर्णविरामासकट. मी दाराशी हसून हसून लोळायची बाकी होते आणि ही बाई पुढच्या वाक्याची वाट बघत बसलेली. छापायच्या आधी मास्तरांनीच ते खोडायला सांगितलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत सुटले, "आमच्या ताईला तिच्याच फाशीचा हुकूम वाचून दाखवा, ती ऱ्हस्वदीर्घ बघून टाइप करून देईल." मास्तर खळखळून हसायचे. माझ्या जिभेला काय हाड आहे!

असं सगळं छान चाललं होतं. मागच्या वर्षी मास्तर म्हणाले, "बाई, सून घरात नुसती बसून असते. जरा टायपिंग दाखवाल का?" ताईने दोन महिने रोज दुपारी तासभर त्या मुलीला शिकवलं. एक पैसा घेतला नाही. उलट पोरगी हुशार आहे म्हणून मलाच सांगायची.

आता मुद्द्यावर येते. आमचं मोठं काम म्हणजे कायद्याच्या निकालांचे खंड. एक प्रकाशक वर्षाला असे तीन खंड काढतो, प्रत्येकी सातशे-आठशे पानं, आणि पानापानाला तळटीपा. ताईची अर्ध्याहून जास्त मिळकत त्या एका कामावर. ते काम आहे तोवर ताईला कोणापुढे हात पसरायला नको. माझ्यापुढेही नको, आणि तिला सगळ्यात जास्त तेच नको होतं.

पण कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. तेरा वर्षांचा. सकाळी बटण दाबावं, झाडून घ्यावं, चहा करावा, प्यावा, कप विसळावा, तेव्हा कुठे महाराज जागे व्हायचे. त्यात खंडाची फाइल सहाशे पानांच्या पुढे गेली की संपलंच. एक तळटीप घातली की पुढची सगळी पानं सरकायची आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरत बसायचं. ताईची बोटं कीबोर्डच्या वर हवेत थांबलेली. मास्तर वाक्याच्या मधे थांबलेले. मी दाराशी दात-ओठ खात उभी. गेला खंड अकरा दिवस उशिरा गेला. प्रकाशकाच्या मॅनेजरने ताईला बोलावून घेतलं आणि चांगल्या शब्दांत सांगितलं, "बाई, तुमच्या कामात नाव ठेवायला जागा नाही. पण पुढचा खंड पंचवीस तारखेच्या आत आला नाही, तर मला दुसरीकडे बघावं लागेल."

ताई घरी येऊन जेवली नाही. त्या दिवशी तिने मला पहिल्यांदा विचारलं, "काय करू या गं मशीनचं?"

आमच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक आहे. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण मशीन उघडायच्या आधी तो विचारतो, "कधीपासून होतंय?" त्याला बोलावलं. त्याने डबा उघडला, आतून उशी भरता येईल एवढी धूळ निघाली. टॉर्च मारून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "ताई, दोन रस्ते आहेत. यातला प्रोसेसर काढून याच जातीचा थोडा वेगवान बसवायचा. नवा मिळणार नाही, वापरलेला शोधावा लागेल. नाहीतर अख्खं मशीनच नवं घ्यायचं."

"नव्यावर माझं सॉफ्टवेअर चालेल का?" ताईने विचारलं. खरी मेख तिथेच होती. तिचं टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं, त्याला मागे लावायचं एक कुलूप होतं, बोटाएवढा खुंटा. तो लावल्याशिवाय ते उघडायचं नाही. आणि तिची पंचवीस वर्षांची कामं त्याच सॉफ्टवेअरमध्ये.

"ते कंपनीला विचारून सांगतो," डॉक्टर म्हणाला. "या बोर्डाला वेगवान प्रोसेसर झेपेल का, तेही बघतो. सगळं कागदावर लिहून देतो, म्हणजे घोळ नको."

मी पहिल्यापासून नव्याच्या बाजूची. मी म्हटलं, "तेरा वर्षांचं मशीन, त्याला आता नवं काळीज बसवायचं? नाकापेक्षा मोती जड व्हायचा." ताईला जुनं सोडवत नव्हतं. आणि मास्तर म्हणाले, "घाई करू नका बाई. डॉक्टर काय लिहून देतोय ते बघू. त्याचं दुकान माझ्या वाटेवरच आहे, मी आणतो कागद." गोगलगाय, पोटात पाय. पण तेव्हा मला पाय दिसले नाहीत. मी त्यांना वर म्हटलं, "तुम्ही आहात म्हणून बरं आहे हो."

तीन दिवसांनी मास्तर कागद घेऊन आले. स्टुलावर बसले, चष्मा पुसला, घसा साफ केला. ताई पडद्यासमोर, मान ताठ. मी एका प्रबंधाला गोंद लावत होते, हात बरबटलेले. त्यांनी वाचलं. त्यांच्या त्या आवाजात, सावकाश, निकालपत्र वाचावं तसं. "मशीनचा बोर्ड ठणठणीत आहे. वेगवान प्रोसेसर बसवल्यास आणखी पाच वर्षं चिंता नाही. नव्या मशीनवर आपलं सॉफ्टवेअर चालेल याची कंपनी खात्री देत नाही. सबब प्रोसेसर बदलणे योग्य."

ताईने सुटकेचा श्वास टाकला, मला दाराशी ऐकू आला. मीही म्हटलं, "चला, डॉक्टरच म्हणतोय तर झालं." ताईने कागद घेतला, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. ती प्रत्येक कागद असाच ठेवते. बघत नाही. वाचून झालेला असतो ना!

मास्तर म्हणाले, डॉक्टर आठवडाभर बाहेरगावी चाललाय. मास्तरांच्या ओळखीचा एकजण प्रोसेसर घेऊन आला आणि अर्ध्या तासात बसवून गेला. जुना प्रोसेसर बदल्यात घेऊन गेला. आणि खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मशीन धावलं. तळटीप घातली की पानं झरझर सरकायची. ताई लहान मुलीसारखी हसायची. मास्तरांसाठी तिने बिस्किटांचा नवा पुडा फोडला आणि म्हणाली, "तुमच्यामुळे झालं." त्यांनी बिस्किट घेतलं. चहात बुडवून खाल्लं. सोळा वर्षं जे खाल्लं ते पचलंच, ते बिस्किटही पचलं असणार.

तिसऱ्या दिवशी मशीन आपोआप बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, वीस मिनिटांनी पुन्हा बंद. डब्याला हात लावला तर चटका. आम्ही बाजूचं झाकण काढलं, टेबलफॅन लावला. मी माझी गिऱ्हाइकं सोडून पंखा धरून उभी राहिले. विसाची पंचवीस मिनिटं झाली, एवढंच. त्यात एकदा अख्ख्या दुपारचं काम पुसलं गेलं. प्रोसेसर बसवणाऱ्याला फोन केला तर तो उचलेना. ताई म्हणाली, "जुनाच परत बसवा." मास्तर म्हणाले, "तो तर त्याने विकला असेल हो. जरा धीर धरा, पडेल अंगवळणी." यंत्राच्या कसलं अंगवळणी पडायचं? पण ताईने मान डोलावली. असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी मास्तर आले नाहीत. घसा बसलाय, असा निरोप आला.

त्याच दिवशी मी कागदाचे रीम आणायला निघाले तर डॉक्टर दुकानात बसलेला दिसला. मी विचारलं, "काय रे, कधी आलास गावाहून?"

"कुठल्या गावाहून?" तो म्हणाला. "मी इथेच आहे मावशी. तुम्हीच फिरकला नाहीत. घेतलं का नवं मशीन?"

"नवं कुठलं? तूच सांगितलंस ना प्रोसेसर बदला म्हणून? भट्टी झालीये त्याची. हेच का तुझं डॉक्टरपण?" मी त्याच्या गिऱ्हाइकांसमोर त्याचा उद्धार केला. पोरगा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. म्हणाला, "मावशी, मी स्पष्ट लिहून दिलं होतं, प्रोसेसरच्या नादी लागू नका. जाऊन कागद बघा."

मी रीम आणायचे सोडून तशीच परत आले. ताईचा ड्रॉवर उघडला. कागद वरच होता, तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, दोन आठवडे. उघडला आणि मोठ्याने वाचला. "बोर्ड थकला आहे. वेगवान प्रोसेसर बसवू नये, तापून बंद पडेल. नवं मशीन घ्यावं. तुमचं सॉफ्टवेअर नव्यावर चालतं, कंपनीला विचारून खात्री केली आहे. मी स्वतः बसवून देईन."

ताई म्हणाली, "असं नाही लिहिलेलं. मास्तरांनी वाचलं ते वेगळं होतं. तू नीट वाच."

बघा! कागद माझ्या हातात, डोळे माझे, आणि चूक माझी. मी कागद तिच्या नाकासमोर धरला. तिने चष्मा लावला. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. ओठ हलत होते. मग म्हणाली, "घाईत ओळ सुटली असेल त्यांची."

"चार ओळी सुटल्या? आणि नसलेल्या चार लागल्या?"

तिने कागद पुन्हा घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. मला तेव्हा तिचाच राग आला. सोळा वर्षं शेजारी बसलेल्या माणसाने केसाने गळा कापला आणि ही त्याचीच बाजू सावरतेय. पण खरं सांगू का, मला स्वतःचाही आला. माझे हात गोंदाने भरले होते म्हणून काय झालं, पुसता आले असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, पाय धरू, आठ दिवस मागून घेऊ, कुठून तरी मशीन भाड्याने आणू. मॅनेजर भला माणूस. त्याने बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि कसंनुसं तोंड करून म्हणाला, "बाई, तुमच्या मास्तरांनी तुम्हाला सांगितलं नाही का? मला वाटलं तुमचं आपसात ठरलंय." आणि फाइलमधून एक पत्र काढून समोर ठेवलं.

पत्र मास्तरांचं होतं. खाली त्यांची सही. मी वाचलं. "आमच्याकडील संगणक कालबाह्य झाला असून तो बदलण्याची टंकलेखिकेची ऐपत नाही. वयोमानाने त्यांच्याकडून यापुढे वेळेत काम होईल असे वाटत नाही. सबब चालू खंड विहित मुदतीत न आल्यास उर्वरित व पुढील खंडांचे काम मी माझ्या घरी नव्या संगणकावर स्वतंत्रपणे करून देण्यास तयार आहे."

मॅनेजर म्हणाला, "मी ते बाजूला ठेवलं होतं. म्हटलं, तुमच्याकडून वेळेत आलं तर प्रश्नच नाही. पण परवा मास्तर स्वतः येऊन सांगून गेले, मशीन बंदच पडलंय. मग मी उरलेली पानं त्यांना दिली. माझाही नाइलाज होता."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईने ते पत्र माझ्या हातातून घेतलं. वाचत नव्हती. नुसती बघत होती. बाजूचा समास, सहीच्या वर सोडलेली जागा, तारखेखालची रेघ. मग हळूच म्हणाली, "हे मी टाइप केलंय."

"काय?"

"माझं आहे हे. आपल्याच मशीनवरचं." तिने एका ओळीवर बोट ठेवलं. "इथे ते 'त्यांच्या वयामुळे' असं काहीतरी म्हणाले असतील. मी 'वयोमानाने' केलं असणार. ते बरं दिसतं."

तारीख बघितली. डॉक्टरचा कागद वाचून दाखवला, त्याच्या आदल्या दिवसाची. म्हणजे त्या माणसाने निकालपत्राची पानं सांगता सांगता, त्याच आवाजात, त्याच स्टुलावर बसून, तिच्याच तोंडावर, तिच्याकडूनच हे लिहून घेतलं. तिच्या प्रिंटरवर, तिच्या कागदावर छापलं. आणि पानं गोळा करताना उचलून नेलं. ताईने ते ऐकलं, सुधारलं आणि पुढच्या वाक्याची वाट बघत बसली. मॅनेजरने मान खाली घातली.  फाशीचा हुकूम म्हणून मी जे वर्षानुवर्षं खिदळत सांगत होते, ते त्या माणसाने खिशात घालून ठेवलं होतं.

ताई मास्तरांकडे जायला तयार होईना. "जाऊ दे," म्हणाली. मी कशी जाऊ देईन? ताईला घरी सोडून मी तशीच त्यांच्या घरी गेले. जिन्यातच आवाज ऐकू आला. कसला बसलाय घसा! "अपीलकर्त्याचे म्हणणे असे की स्वल्प, कंस सुरू..." आणि मागोमाग कीबोर्डची टकटक. सून टाइप करत होती. माझ्या ताईने शिकवलेली बोटं, माझ्या ताईचा खंड.

दार उघडून मला बघितल्यावर मास्तरांचा चेहरा जरा उतरला, पण लगेच सावरला. "या धाकट्या बाई. पाणी देऊ?"

"पाणी तुमच्या डोळ्यांत असायला हवं होतं," मी म्हटलं. "खाल्ल्या घरचे वासे मोजलेत तुम्ही. सोळा वर्षं ज्या बाईने तुम्हाला शेजारी बसवलं, तिला फसवताना लाज नाही वाटली?"

"पोट सगळ्यांनाच आहे," ते म्हणाले. "मुलाची नोकरी गेली. सून काम करू शकते. मी किती दिवस तिसऱ्या हिश्शावर जगायचं?"

"मग तसं सांगायचं! ताईने निम्मं काम काढून दिलं असतं तुमच्या सुनेला. तुम्हाला माहीत आहे, दिलं असतं."

 त्यांना माहीत होतं. सून आतून बघत होती, तिने पटकन मान वळवली. मग मास्तर जे बोलले, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. अगदी शांतपणे, निकालपत्राच्या आवाजात म्हणाले, "मी लपवून काहीच केलं नाही. पत्र त्यांच्यासमोर मोठ्याने वाचलं. शब्द न् शब्द. त्यांना हरकत होती तर त्यांनी तेव्हाच बोलायचं होतं."

"आणि डॉक्टरचा कागद? तोही शब्द न् शब्द वाचलात का?"

त्यांनी दार लावून घेतलं. मी जिन्यात उभी राहून जे जे येतं ते सगळं बोलले. शेजारच्या तीन दारांतून माणसं बाहेर आली. आत मग पुन्हा टकटक सुरू झाली. मुदत होती ना.

नवं मशीन घेतलं. आता घेतलं, जेव्हा त्याच्यावर करायला काम नव्हतं. ताईने बांगड्यांपैकी दोन काढून माझ्या हातात दिल्या, मी भांडले, तिने ऐकलं नाही. डॉक्टरने स्वतः येऊन सगळं जोडलं, मागे तो कुलपाचा खुंटा लावला, आणि सॉफ्टवेअर पहिल्या फटक्यात उघडलं. मोजून तीन मिनिटं लागली. डॉक्टर म्हणाला, "सांगितलं होतं ना ताई?" आणि मग आपलं चुकलं असं वाटून उगाच वायर नीट करत बसला. बटण दाबलं की मशीन लगेच जागं होतं आता. चहा ठेवायला वेळच मिळत नाही.

आठवड्याने एका मुलीचा प्रबंध आला. शंभरेक पानं, साधं काम. मान पुन्हा बिघडायला नको, म्हणून वाचायला कोणीतरी हवं. मी म्हटलं, "मी वाचते की. माझा आवाज काही त्यांच्यासारखा नाही, पण खोटा तरी नाही." ताई हसल्यासारखं करून बसली. मी स्टूल बाजूला सारून माझी खुर्ची ओढली.

वाचायला लागले. "मातीतील ओलाव्याचे प्रमाण स्वल्प, नमुना क्रमांक तीनमध्ये स्वल्प, सर्वाधिक आढळले पूर्ण."

टकटक झाली नाही. बघते तर ताईची बोटं हवेत. मी म्हटलं, "काय झालं? फार भरभर वाचलं का?"

"नाही," ती म्हणाली. "सर्वाधिक म्हणजे कशापेक्षा?"

"आता ते मला काय माहीत? तुला काय करायचंय? तू टाइप कर."

तिने टाइप केलं. पुढचं वाक्य सांगितलं, पुन्हा थांबली. पुन्हा विचारलं, हे कोण म्हणतंय, का म्हणतंय. एका पानाला अर्धा तास लागला. जी बाई खुनाचा खटला ऐकून 'कोण' म्हणायची, ती मातीच्या ओलाव्यावर अडून बसली. मी मनात म्हटलं, होईल हळूहळू. आणि आवाज अजून मऊ केला. दुसरं पान घेतलं. एक लांबलचक वाक्य होतं, ते मी नीट, सावकाश, एकही अक्षर न सोडता वाचलं.

ताई माझ्याकडे वळली. मान वळवायची नाही, तरी वळली. डोळे वर केले नाहीत तिने. हात पुढे केला, माझ्या हातातून तो कागद काढून घेतला, चष्मा लावला, आणि मी वाचलेलं वाक्य त्यावर आहे की नाही, ते बोट ठेवून बघायला लागली.